रविवारी पोहे कोणी करायचे

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी पहिल्यांदा बाहेर नाश्ता करायला भेटलो, तेव्हा आमच्यापैकी एकीलाही भूक नव्हती. पदार्थ टेबलावर आले, बशा इकडून तिकडे सरकवल्या गेल्या आणि जी ती दुसरीला आग्रह करू लागली. पाच-सात मिनिटे हा प्रकार चालल्यावर डोंबिवलीने कबूल केले की, ती पहाटे पावणेपाचला उठून, इडल्यांची दोन पात्रे उतरवून, चटणी वाटून आणि वर फोडणी घालून मगच गाडीला आली होती. मग बोरिवलीने आपली थालीपिठे कबूल केली. गिरगावने उपमा करून ठेवला होता. मी अर्थातच पोहे केले होते. वर खोबरे-कोथिंबीर न घालता, कारण ती आयत्या वेळी घालायची असते, आणि ती कोणत्या वाटीत आहे हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी फ्रिजला लावली होती. प्रत्येकीने करता करता चव पाहिली होती, तव्यावरचे मोडके तुकडे तोंडात टाकले होते आणि अशा रीतीने पोट भरून ती नाश्त्याला निघाली होती.

नावांचा खुलासा आधी करते. आपली खरी नावे लिहिलेली माझ्या मैत्रिणींना चालणार नाहीत, त्यामुळे मी त्यांना त्यांच्या स्थानकांच्या नावांनीच ओळखणार आहे. हे मी इथे शोधून काढलेले नाही. आम्ही फोनवरही एकमेकींना असेच म्हणतो. गिरगाव सध्या विरारला राहते, पण जन्म ठाकूरद्वारच्या चाळीतला असल्यामुळे तिला विरार म्हटलेले खपत नाही. मी दादर. १९८२ साली रुईया महाविद्यालयात एका वर्गात आलो, त्यानंतर लग्ने, नोकऱ्या आणि मुलांच्या परीक्षा यांतून वर्षाकाठी एखादे हळदीकुंकू किंवा कोणाच्या तरी घरचे कार्य एवढ्यापुरत्याच भेटत राहिलो. डोंबिवलीने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी भेटायचे, हा ठराव तिनेच मांडला.

सकाळच का, असा प्रश्न मला घरी आणि बाहेर अनेकांनी विचारला. दुपारी भेटायचे तर जेवणाचा रगाडा उरकून निघावे लागते आणि संध्याकाळी भेटायचे तर परतल्यावर कुकर लावायचा हे डोक्यात असते, त्यामुळे चारच्या चहालाच एकीचे डोळे घड्याळाकडे जाऊ लागतात. सकाळ मोकळी असते असे मात्र मुळीच नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात रविवार सकाळ हीच बाईची सर्वांत अडकलेली वेळ असते. आठवडाभर पोळी-भाजीचा डबा उचलून पळणारी माणसे त्या दिवशी निवांत उठतात, पेपर पसरून बसतात आणि काहीतरी ‘वेगळे’ खायला मागतात. ते वेगळे करणारी ओट्यापाशी उभी असते. पहिली बशी सासऱ्यांना, दुसरी नवऱ्याला, मग मुलांना, मग कोणी उशिरा उठलेल्याला, आणि प्रत्येक बशी देताना दारात उभी राहून ती विचारते, “कसे झालेत?” उत्तर सहसा पेपराआडून येते. तिची स्वतःची बशी भरेपर्यंत पोहे गार होऊन मोकळे झालेले असतात, किंवा उपम्याचा गोळा झालेला असतो. तीस वर्षे मी रविवारचे पोहे केले आणि त्यातले गरम किती वेळा खाल्ले हे मोजायला दोन्ही हातांची बोटे लागणार नाहीत. ही तक्रार म्हणून मी सांगत नाही. माझ्या आईनेही तसेच खाल्ले आणि मला ती रीतच वाटत होती. परंतु तीन वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या सकाळी, भूक नसतानाही, वाफ निघत असलेली बशी माझ्यासमोर कोणीतरी आणून ठेवली आणि उठायचे कारणच नव्हते, तेव्हा काही क्षण हातांचे काय करावे हेच मला कळेना.

त्याच दिवशी नियम ठरला: निघण्यापूर्वी कोणीही घरी काही करायचे नाही. नियम करणे सोपे गेले. पाळणे इतके कठीण गेले की, पुढचे तीन-चार महिने आम्ही भेटल्याबरोबर एकमेकींची झडती घेत असू. बोरिवली रात्रीच धिरड्यांचे पीठ भिजवून ठेवते आणि “हे काही करणे नव्हे” असा युक्तिवाद करते हे उघडकीला आले. डोंबिवलीच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांची दूध-पोळी नियमातून वगळण्यात आली. माझ्या घरी काही दिवस पाव-बटर चालले, नंतर आमच्या ह्यांनी पोहे शिकून घेतले. त्याबद्दल शेवटी लिहीन.

आता जायचे कुठे? येथे आमच्यात पुष्कळ मतभेद झाले आणि ते सगळेच मिटलेले नाहीत.

मी दादरची असल्यामुळे पहिला मान दादरने घेतला. शिवसेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’ची मिसळ २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली होती, हे मी मैत्रिणींना अशा थाटात सांगितले की जणू ती मिसळ मीच केली होती. मिसळ उत्तम होती. कोथिंबीर वडी उत्तम होती. ‘प्रकाश’मधला साबुदाणा वडा आणि पियूष यांविषयी तर दुमत असण्याचे कारणच नाही. तरीही तिथे बसल्यावर एक वेगळीच अडचण माझ्या लक्षात आली. जो पदार्थ आपण आयुष्यभर स्वतःच्या हाताने केला आहे तो दुसऱ्याच्या हातचा खाताना बाईचे मन स्वस्थ बसत नाही. थालीपीठ आले की गिरगाव ते उलटून पाही आणि भाजणीत धणे कमी आहेत असे म्हणे. वड्यात दाण्याचे कूट किती, पोह्यांना फोडणीत हिंग आहे की नाही, अळूवडीला चिंच की गूळ जास्त, या चर्चेत आम्ही चौघी इतक्या रंगलो की बाहेर येऊनही मनाने स्वयंपाकघरातच राहिलो. चूक त्या उपाहारगृहांची नव्हती, आमची होती. पण नाश्त्याला परीक्षक म्हणून जायचे नसेल तर आपल्याला करता न येणारा पदार्थ जिथे मिळतो तिथे जावे, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले.

मग माटुंगा. कॉलेजच्या दिवसांतला आमचा खरा परिसर तोच. ‘राम आश्रय’ १९३९ सालचे आणि ‘कॅफे मद्रास’ १९४० सालचे, म्हणजे दोन्ही आमच्या रुईयापेक्षा दोन-तीन वर्षांनीच लहान. घावनाची सवय असलेल्या हाताला तसा पातळ, कडेला जाळी सुटलेला डोसा जमत नाही आणि पितळी वाटीत आलेली फिल्टर कॉफी घरी करायचा प्रयत्न आम्ही सगळ्यांनीच करून सोडला आहे, त्यामुळे परीक्षक होण्याचा प्रश्न मिटला. अडचण निराळी आली. रविवारी सकाळी तिथे रांग असते, आणि ती रांग आपल्या टेबलाकडे पाहत उभी असते. रसम वडा खाताना काचेपलीकडे लहान मूल कडेवर घेतलेली एखादी तरुण आई दिसली की घास गिळत नाही. आम्ही पंधरा मिनिटांत उठलो आणि उरलेल्या गप्पा कॉलेजसमोरच्या फुटपाथवर उभ्याने मारल्या. उडुपी उपाहारगृहाची सगळी रचनाच झटपट खाऊन कामाला लागणाऱ्या माणसासाठी आहे आणि त्यात त्याचे मोठेपण आहे. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या, निवृत्त झालेल्या बायकांनी तिथे तासभर टेबल अडवणे मला तरी अन्याय वाटतो.

वांद्र्याला गेलो तो बोरिवलीच्या सुनेच्या आग्रहामुळे. त्या कॅफेचे नाव मी लिहीत नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. पदार्थांची यादी पाहण्यासाठी टेबलावरच्या चौकटीसमोर फोन धरायचा होता, आणि चौघींपैकी दोघींचे चष्मे आणि एकीचे इंटरनेट यांनी ऐनवेळी दगा दिला. आंबवलेल्या पिठाच्या जाड पावावर अव्होकाडोचा लगदा आला. चव वाईट नव्हती, पण गिरगावने पावाची कड दाताखाली धरून “हा तर ब्रूनच, आपल्या इराण्याचा कडक पावच आहे की गं, फक्त कोट घालून आलाय” असे म्हटले आणि ते मला आजही पटते. खरी गंमत बिलात होती. पदार्थांच्या रकमेवर दहा टक्के सेवाशुल्क आपोआप लावलेले होते. आमची डोंबिवली एकतीस वर्षे बँकेत काढलेली बाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच, सेवाशुल्क ग्राहकाच्या बिलात परस्पर लावता येणार नाही, असे स्पष्ट केलेले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच उचलून धरले आहे, हे तिने आवाज न चढवता त्या मुलाला सांगितले. तो बिचारा विशी-बाविशीचा असेल. आत जाऊन आला, नवे बिल आणले. शुल्क गेले, पण त्या रकमेच्या निम्मे पैसे डोंबिवलीने बाहेर पडताना त्या मुलाच्या हातात ठेवले आणि म्हणाली, “हे तुझे आहेत, मालकाचे नाहीत.” एकीच्या खाण्याला तिथे जेवढे पडले तेवढ्यात चौघींचा नाश्ता होईल अशी जागा शोधायची, असे वांद्रे स्थानकात गाडीची वाट पाहता पाहता ठरले.

ती जागा गिरगावला पहिल्यापासून ठाऊक होती. ती सुचवत नव्हती एवढेच.

मरीन लाइन्सला पूर्वेकडे उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत गेले की धोबी तलावाच्या टोकाला जेर महाल ही जुनी इमारत लागते आणि तिच्या तळमजल्यावर ‘कयानी अँड कंपनी’ आहे. १९०४ साली सुरू झालेले हे इराणी उपाहारगृह. समोरचे मेट्रो १९३८ चे, म्हणजे सिनेमा पाहायला आलेल्या पहिल्या प्रेक्षकालाही चहा प्यायला हे दुकान तयारच होते. उंच छत, लाकडी जिना, काचेखाली चौकटीचे कापड घातलेली टेबले, दाराशी गल्ला आणि गल्ल्यापाशी खारी, नानकटाई आणि बिस्किटांच्या बरण्या. आम्ही पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा गिरगाव दारात दोन पायऱ्यांवर थांबली आणि म्हणाली, “माझे बाबा रोज इराण्याकडे जायचे. मी मात्र कधी बसले नाही.”

तिच्या वडिलांचा इराणी हा नव्हे, ठाकूरद्वारच्या बाजूचा कोपऱ्यावरचा दुसरा. तो केव्हाच बंद झाला. परंतु तिने जे सांगितले ते त्या काळच्या पुष्कळ गिरगावकर मुलींच्या अनुभवाचे आहे. रविवारी सकाळी वडील अंघोळ करून, लेंगा-सदरा घालून खाली उतरत आणि इराण्याकडे मित्रांबरोबर दीड-दोन तास बसत. एका चहावर चौघे बसत, पेपराची पाने सुटी करून वाटून घेत, आणि शेवटचे पान वाचून झाल्यावर ज्याचे त्याचे पान दुसऱ्याला जाई. हिला पाव आणि अंडी आणायला त्याच दुकानात धाडत असत, कारण इराण्याच्या एका बाजूला चहाचे हॉटेल आणि दुसऱ्या बाजूला साबण, ब्लेड, बिस्किटे यांचे दुकान असा प्रकार असे. ती गल्ल्याशी उभी राहून पाव घेई आणि आतल्या आरशात तिला वडिलांची पाठ दिसे. वडिलांनी कधी आत बोलावले नाही, आणि तिलाही आत जावे असे वाटले नाही. मुलींनी आत बसायचे नसते हे कोणी न सांगताच माहीत होते. बायकांसाठी अर्ध्या दाराच्या खोल्या असत, त्यांना ‘फॅमिली रूम’ म्हणत, पण तिच्या चाळीतले कोणी कधी त्यांत सहकुटुंब जाऊन बसल्याचे तिला आठवत नाही. आणि आई? आई वर चाळीत रविवारचे पोहे करत असे.

हे ऐकल्यावर आम्ही तिला भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड येईल अशा खुर्चीवर बसवले. तेव्हापासून ती खुर्ची तिचीच.

खुर्च्यांवरून आठवले. बोरिवली वास्तुरचनाकाराच्या कचेरीत आराखडे काढण्याचे काम करत असे, त्यामुळे फर्निचर पाहिले की तिची मान वाकडी होते. इराण्यांकडे दिसतात त्या गोल पाठीच्या काळ्या खुर्च्यांची घडण व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट या कारागिराची, असे तिने सांगितले. बीचच्या लाकडाला वाफ देऊन ते वाकवायचे, ही त्याची युक्ती. १८५९ साली त्याने काढलेल्या चौदा नंबरच्या खुर्चीत फक्त सहा लाकडी भाग होते आणि ते सुटे करून एक घनमीटर पेटीत छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून तर ही जातकुळी बोटीने जगभर गेली. एवढे सांगून तिने आपली खुर्ची उलटी करून पाहिली. वेटर धावत आला. त्याला वाटले, खुर्ची डुगडुगते आहे.

इराणी म्हणजे पारशी, हा समज आमच्यातही होता. पारशांचे पूर्वज हजार-बाराशे वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. हे इराणी त्यांचेच धर्मबांधव, पण आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, बहुतेक यझ्द आणि केरमान या भागांतून, दुष्काळ आणि छळ यांना कंटाळून. काही इराणी उपाहारगृहे इराणहून आलेल्या मुसलमानांचीही आहेत. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून स्थानिक व्यापारी घेत नसत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सर्रास सांगितले जाते. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडे दारे असलेल्या दुकानात वारा खेळतो आणि जाता-येता गिऱ्हाईक आत शिरते, हे मात्र खरे. आज ‘कयानी’, धोबी तलावाच्याच दुसऱ्या अंगाला असलेले १९१३ चे ‘सासानियन’, बॅलार्ड इस्टेटमधले १९२३ चे ‘ब्रिटानिया’ आणि आणखी काही थोडी अशी नावे उरली आहेत. ‘कयानी’समोरच ‘बस्तानी’ होते, तेही गेले. ‘ब्रिटानिया’ दुपारच्या जेवणासाठी आहे, त्यामुळे तिथला बेरी पुलाव आमच्या ठरावात बसत नाही. गिरगावला तो खायचा आहे आणि तिने वेगळा ठराव आणावा असे आमचे म्हणणे आहे.

आता खाण्याविषयी. आम्ही ठरलेले चार-पाच पदार्थ मागवतो आणि मध्ये ठेवून खातो. बन मस्का आणि ब्रून मस्का यांत गोंधळ करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बन हा मऊ, किंचित गोड, कधी मनुका घातलेला असतो. त्याला लोणी लावले की तो मुलांनाही आवडतो आणि सासूबाईंनाही. ब्रून हा कडक पाव. त्याच्या पिठात साखर आणि तूप-लोणी जवळपास नसते, भट्टीची आच तेज असते, आणि त्यामुळे वरचे कवच असे तडतडते की सुरी फिरवली तरी टेबलावर चुरा पडतो. आत मात्र तो पोकळ-मऊ असतो. त्याचे आडवे काप करून आत लोण्याचा जाड थर देतात आणि तो चहात बुडवून खायचा असतो. बुडवायचा किती वेळ यावर आमच्यात दोन पक्ष आहेत. बोरिवली तीन मोजते आणि काढते. मी पाच मोजते, आणि दर दोन महिन्यांनी एक तुकडा कपात पडतो, तो चमच्याने काढून खाण्यात जी मजा आहे ती तीन मोजणाऱ्यांना कळायची नाही. लोणी चहावर तरंगते, सोन्याच्या थेंबांसारखे नव्हे, सरळ तुपाच्या थेंबांसारखे. ज्याला ते आवडत नाही त्याने इराण्याकडे जाऊ नये.

चहा ‘पानी कम’ सांगावा लागतो, म्हणजे दूध जास्त आणि रंग विटकरी. घरी मी असा चहा केला होता. घरच्यांनी तो खीर म्हणून परत केला.

अकुरी ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट आणि तीच मला घरी जमत नाही. अंडाभुर्जी आपण कोरडी होईपर्यंत परततो. अकुरी त्याआधीच, अंडे जेमतेम आवळत असताना खाली उतरवायची असते, त्यामुळे ती मऊ, ओलसर, चमच्यावरून ओघळेल न ओघळेल अशी राहते, आणि तिच्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळे असूनही अंड्याची चव वर राहते. मी चार वेळा करून पाहिली. प्रत्येक वेळी माझा हात शेवटच्या अर्ध्या मिनिटात डगमगतो, कच्चे राहील या भीतीने मी आणखी दोनदा उलथणे फिरवते आणि तिची भुर्जी होते. आता मी प्रयत्न सोडला आहे आणि त्याचा मला आनंद आहे. डोंबिवलीचे घर शाकाहारी. ती पहिले काही महिने बन मस्क्यावरच राहिली. गेल्या श्रावणानंतरच्या रविवारी तिने न बोलता माझ्या बशीतली अकुरी पावावर घेतली, खाल्ली, आणि “मीठ बरोबर आहे” एवढेच म्हणाली. आम्ही तिघींनी या विषयावर काहीही न बोलण्याचा संयम दाखवला, जो आमच्या स्वभावात मुळीच नाही.

पैशांची व्यवस्थाही डोंबिवलीकडेच असते. भिशीसारखे प्रत्येकी तीनशे रुपये महिन्याच्या सुरुवातीला तिच्याकडे जातात, तिची एक वेगळी छोटी पर्स आहे, आणि बिल वाटून घेताना होणारी “अगं राहू दे, मी देते” ही ओढाताण त्यामुळे कायमची संपली. उरलेल्या पैशांतून निघताना मावा केक घरी नेले जातात. हा तिचा शोध मला फार शहाणपणाचा वाटतो. चौघींच्या घरी रविवारी दुसऱ्या कशानेही नसेल इतके आमचे स्वागत त्या केकच्या पुडक्याने होते.

बोलतो काय, हेही कोणी विचारते. गुडघे, मुलांची परदेशातली वेळापत्रके, गिरगावच्या चाळीचा पुनर्विकास जो ती विरारला गेल्यापासून ‘पुढच्या वर्षी’ होणार आहे, आणि कोणाचे कोण गेले. यात विशेष असे काही नाही. विशेष हेच की, हे सगळे बसून बोलता येते. मध्येच कोणी “आई, टॉवेल कुठे आहे” असे ओरडत नाही, शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत, आणि वाक्य जिथे सुरू झाले तिथेच संपते. माझ्या घरी माझी कित्येक वाक्ये स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधल्या बोळात हरवलेली आहेत.

गेल्या वर्षापासून एक काळजी मात्र आमच्या टेबलावर येऊन बसली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. हवेचे कारण खरे आहे. हिवाळ्यात विरारहून येताना गिरगावला खोकल्याची उबळ येते ती काही पावाच्या प्रेमाने थांबत नाही, आणि बेकऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी धूर का गिळावा याला माझ्याकडे उत्तर नाही. पण लाकडाच्या आचेवर भाजलेला ब्रून आणि विजेवर भाजलेला ब्रून यांच्या कवचात फरक पडतो, असे जुने बेकरीवाले सांगतात, आणि भट्टी बदलायला लागणारा पैसा छोट्या बेकरीवाल्याने कुठून आणायचा हा प्रश्न वेगळाच. बोरिवलीचे मत असे की, पावाची चव पिठात आणि हातात असते, सरपणात नसते. मला तिचे म्हणणे पटावे अशी इच्छा आहे.

परतीची वेळ आमच्या हातात नसते, ती रेल्वेच्या हातात असते. रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या रोखून धरण्याची वेळ, बहुधा साडेदहाच्या सुमारास सुरू होतो आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक वेगळाच. गिरगाव चर्चगेटपासून साठ किलोमीटर लांब राहते, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ब्लॉकचे वेळापत्रक पाहून किती वाजता उठायचे ते तीच ठरवते. डोंबिवली मेट्रोसमोरून आझाद मैदानाच्या कडेने चालत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठते. आम्ही तिघी मरीन लाइन्सला येतो. महिलांच्या डब्यात रविवारी त्या वेळी बसायला जागा मिळते आणि दादर येईपर्यंतची ती वीसेक मिनिटे मला फार आवडतात.

या महिन्यात घरी पोहोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. आमच्या ह्यांनी पोहे केले होते. पेपर टेबलावर पसरलेला होता, त्यांची बशी रिकामी होती, कडेला लिंबाची फोड पिळून ठेवलेली होती. म्हणजे त्यांनी ते गरम असताना, बसून, सावकाश खाल्ले होते. माझ्या वाटणीचे कढईत झाकून ठेवले होते. मी खाऊन आले आहे हे त्यांना ठाऊक होते, तरी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, म्हणून मी दोन घास घेतले. पोहे गार होते, हळद थोडी जास्त झाली होती आणि दाणे कच्चे राहिले होते.

“कसे झालेत?” त्यांनी विचारले.

मी पेपर उचलला आणि म्हटले, “बरे आहेत.”